मेकॅनिकच्या तासाचा दाम

गणेशोत्सव आटोपून चाकरमानी मुंबईला परतले, की रत्नागिरी जिल्ह्यात एक तक्रार काही दिवस हमखास कानी येते. कशेडीच्या चढावर गाडी तापली, संगमेश्वराजवळ क्लच गेला, हातखंब्याच्या तिठ्यावर बॅटरीने मान टाकली. आणि अडला हरी पाहून मेकॅनिकने मनाला येईल ती मजुरी लावली. ‘तासाभराचे काम आणि पाचशे रुपये!’ हे वाक्य मग घरोघर उद्गारचिन्हासह उच्चारले जाते. याच्या जोडीला दुसरीही एक तक्रार असते. ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या छापील बिलाविषयी. तेथे सुट्या भागांची किंमत एका रकान्यात, ‘लेबर’ दुसऱ्या रकान्यात आणि त्या लेबरवर १८ टक्के वस्तू व सेवा कर तिसऱ्या रकान्यात, असा सारा हिशेब स्वच्छ मांडलेला असतो. त्या आकड्यापुढे रस्त्याकडेच्या मेकॅनिकचे पाचशे रुपये किरकोळ वाटावेत. परंतु छापील बिलाशी कोणी घासाघीस करीत नाही. बिल चुकते करून माणूस बाहेर पडतो आणि बाहेर आल्यावर कुरकुरतो. घासाघीस होते ती ज्याच्या हाताला ऑइल लागलेले असते त्याच्याशी.

मेकॅनिकच्या मजुरीचा दर न्याय्य आहे काय, हा प्रश्न वरकरणी ग्राहकाच्या खिशाचा दिसतो. वस्तुतः तो श्रमाच्या मूल्याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने त्याकडे किरकोळ बाब म्हणून पाहून चालणार नाही. मात्र दर जास्त की कमी, एवढेच विचारून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. ग्राहकाने दिलेल्या तासाच्या दामापैकी श्रम करणाऱ्या हातात किती पडते, हे विचारल्याखेरीज न्यायान्यायाची चर्चा पोकळ ठरते.

प्रथम सर्व्हिस सेंटरमधील ‘तास’ म्हणजे काय ते पाहू. तो घड्याळातला तास नव्हे. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा याचे कोष्टक गाडी बनविणारी कंपनी ठरवून देते. क्लच प्लेट बदलण्यास त्या कोष्टकात चार तास लिहिले असतील, तर निष्णात कामगाराने ते काम तीन तासांत उरकले तरी ग्राहकाकडून चार तासांचे पैसे घेतले जातात. आणि नवशिक्याने सहा तास लावले तरी चारच तासांचे. ही पद्धत सर्वथैव वाईट आहे असे म्हणता येत नाही. नवशिक्याच्या संथपणाचा भुर्दंड तीमुळे ग्राहकाला पडत नाही. परंतु निष्णात कामगाराने वाचविलेला तास कोणाचा? कामगार मासिक वेतनावर असतो. फार तर थोडा प्रोत्साहनभत्ता त्याला मिळतो. वाचलेला तास दुसऱ्या गाडीला विकला जातो आणि त्याचे पैसे पेढीच्या गल्ल्यात जातात.

एक हिशेब मांडून पाहावा. यातील आकडे गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपल्या गावचे आकडे घालून तो पुन्हा करावा. समजा, सर्व्हिस सेंटर तासाला ७०० रुपये मजुरी आकारते. कामगार महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास हजर असतो. म्हणजे २०८ तास. त्यातले सगळेच तास विकले जात नाहीत. सुटे भाग येण्याची वाट पाहणे, जागा झाडणे, गाडी धुऊन येईपर्यंत थांबणे यांत बराच वेळ जातो. रोजचे पाच तास विकले गेले असे धरले, तर महिन्याला १३० तास आणि ९१,००० रुपये होतात. कामगाराचे वेतन १८,००० रुपये असेल, तर ग्राहकाने ‘लेबर’ म्हणून मोजलेल्या रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा प्रत्यक्ष लेबर करणाऱ्याला मिळाला. उरलेल्या चार हिश्शांतून जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, स्वागतकक्षातील वातानुकूलन, व्यवस्थापकांचे पगार आणि मालकाचा नफा निघतो. हे खर्च खोटे आहेत असे नाही. पण त्या सगळ्यांना ‘लेबर’ हे नाव देणे मात्र खोटे आहे. बिल पाहून ग्राहक मनात कामगारालाच दोष देतो, आणि त्या बिलाच्या पाचव्या हिश्शावर त्या कामगाराचे घर चालते.

आता रस्त्याकडेच्या गॅरेजकडे वळू. साळवी स्टॉपपासून कुवारबावपर्यंत आणि पुढे हातखंबा, पालीपर्यंत पत्र्याच्या शेडखाली जे मेकॅनिक बसतात, त्यांच्याकडे तासाचा दर अशी गोष्टच नाही. तेथे कामाचा दर असतो आणि तोही गिऱ्हाइकाचे तोंड पाहून, ओळख पाहून, कधी कधी त्याची अडचण पाहून ठरतो. तरीही तासांत मोडून तो २५० रुपये पडतो असे समजू. तेच १३० तास धरले तर महिन्याला ३२,५०० रुपये झाले. त्यातून भाडे ६,०००, वीज १,५००, हत्यारांची झीज, तेल, साबण, चिंध्या मिळून २,५०० आणि मदतनीस मुलाला १०,००० असे २०,००० वजा केले, तर उस्तादाकडे १२,५०० रुपये उरतात. हजेरीच्या २०८ तासांनी भागल्यास तासाला साठ रुपये. पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावते, समुद्राच्या खाऱ्या हवेने पाने आणि जॅक गंजतात, आजारपणात शेड बंद राहते. त्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. येथे मात्र ग्राहकाने दिलेल्या मजुरीपैकी दोनतृतीयांशाहून अधिक रक्कम उस्ताद आणि मदतनीस यांच्या हातांत पडते.

या दोन हिशेबांचा अर्थ उघड आहे. जेथे दर मोठा आहे तेथे श्रमाचा वाटा लहान आहे. आणि जेथे श्रमाचा वाटा मोठा आहे तेथे दरच इतका लहान आहे, की त्या वाट्यात एका कुटुंबाचेही नीट भागत नाही. दोन्हीकडे अन्याय श्रमावरच होतो, फक्त त्याची रीत निराळी. म्हणूनच ‘मेकॅनिक फार घेतात’ हे सरसकट विधान टिकत नाही.

मग ग्राहकाच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही काय? तथ्य आहे. न बिघडलेला भाग बदलणे, जुना भाग परत न देणे, भागाच्या किमतीत गुपचूप भर घालणे, दुकानदाराकडून दलाली घेणे हे प्रकार चालतात, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. पण ही लबाडी कोठून उपजली ते पाहिले पाहिजे. कंपनीच्या खोक्यातून निघालेल्या वस्तूची छापील किंमत आपल्याकडचा ग्राहक निमूटपणे देतो. ती वस्तू बसविणाऱ्या हाताला पैसे देताना मात्र त्याचा जीव खालीवर होतो. वस्तूला किंमत असते, हाताला नसते, ही समजूत या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. ज्या समाजाने शतकानुशतके हातांनी काम करणाऱ्यांना जातीच्या उतरंडीत खाली बसविले आणि पोथी वाचणाऱ्यांना वर, त्या समाजात ती रुजावी यात नवल नाही. मजुरीचे पाचशे मागितले तर कटकट होते, आणि तेच दोनशे मजुरीत व तीनशे भागाच्या किमतीत घातले तर होत नाही, हे मेकॅनिक अनुभवाने शिकतो. उघडपणे मागितलेला न्याय्य दाम मिळत नाही, म्हणून तो आडमार्गाने वसूल करतो. या व्यवहारात त्याची सचोटी जाते आणि ग्राहकाचा विश्वास जातो.

सर्वांत मोठा अन्याय दोष शोधण्याच्या कामावर होतो. इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून, दोनचार ठिकाणी हात लावून बिघाड कोठे आहे हे सांगणे ही या धंद्यातली खरी विद्या. ती कमावण्यास वर्षे जातात. डॉक्टरने नाडी पाहिली, वकिलाने कागद चाळले, की फी देण्यास कोणी खळखळ करीत नाही. मेकॅनिकने अर्धा तास खर्चून ‘एक तार सुटली होती’ असे सांगितले, तर ‘एवढेच ना?’ म्हणून गिऱ्हाईक चालू लागते. निदानाचे पैसे मिळत नाहीत आणि भाग बदलण्याचे मिळतात, अशी व्यवस्था असेल तर तार जोडण्याऐवजी भाग बदलण्याकडे कल झुकणारच.

तासाचे माप तरी कितपत खरे, असाही प्रश्न आहे. १८३२ साली रॉबर्ट ओवेन याने लंडनमध्ये श्रमाच्या तासांच्या नोटा काढून कारागिरांच्या वस्तूंची अदलाबदल सुरू केली होती. तो प्रयोग दोन वर्षांत आटोपला. पण माणसाचा तास हेच मूल्याचे माप मानावे, ही त्यामागची नैतिक प्रेरणा खोटी ठरली नाही. अडचण इतकीच, की पंचवीस वर्षे हात मुरलेल्या उस्तादाचा एक तास आणि काल आलेल्या मुलाचा एक तास यांत फरक असतो. केवळ घड्याळाने मजुरी मोजली तर झटपट काम करणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून कामाचा दर असावा, पण तो उघड असावा आणि त्याच्या मुळाशी माणसाच्या दिवसाचे सन्मान्य वेतन असावे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

या प्रश्नाला अलीकडे मक्तेदारीची नवी बाजूही आली आहे. कार्ब्युरेटरची गाडी कोणताही हुशार मेकॅनिक पान्यांच्या संचावर उघडू शके. १ एप्रिल २०२० पासून ‘बी.एस. सहा’ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले. हवेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण नव्या गाड्यांतील यंत्रणा इतकी संगणकाधीन झाली आहे, की स्कॅनर जोडल्याखेरीज पुष्कळदा बिघाड कळतच नाही. स्कॅनर, त्यातील माहिती आणि दुरुस्तीची पुस्तके कंपनीच्या ताब्यात राहिली, की रस्त्याकडेच्या मेकॅनिकचे कौशल्य जागच्या जागी निरुपयोगी होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना निदानाची साधने नाकारणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे आयोगाने म्हटले. कंपन्या अपिलात व न्यायालयांत गेल्या आणि वाद वर्षानुवर्षे चालत राहिला. पुढे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली; तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. परंतु समिती आणि संकेतस्थळ यांनी कुवारबावच्या शेडमध्ये स्कॅनर येत नाही. बाजार मुक्त आहे असे सांगायचे आणि बाजाराची किल्ली मात्र एकाच्याच खिशात ठेवायची, हा भांडवलशाहीचा जुनाच रिवाज येथेही चालू आहे.

येथवरचे विवेचन कार्यकर्त्याला सोयीचे आहे. यापुढचे तितकेसे सोयीचे नाही. वरच्या हिशेबात मदतनीस मुलाला दहा हजार धरले आहेत. ते किमान वेतनाहून कमी भरत असतील तर काय? २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यानुसार किमान वेतनाचा हक्क कोणत्याही धंद्यातील कामगाराला आहे. पण शेडमध्ये दोन माणसे, त्यांतला एक मालक. तेथे निरीक्षक येणार कधी? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा झाला, तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने बहुतांश तरतुदींतून वगळली गेली. ‘शिकतोय’ या एका शब्दाखाली कोवळी मुले वर्षानुवर्षे जेवणखाण आणि वरखर्चावर राबविली जातात. १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामास ठेवणे हा गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलाला पेट्रोलच्या वाफेत उभे करून त्याला शिक्षण म्हणणे ही फसवणूक आहे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. दुसऱ्याकडून नाडला जाणारा उस्ताद आपल्या हाताखालच्याला नाडतो. त्याची अगतिकता समजून घ्यावी. परंतु तिचे समर्थन करू नये. त्या मदतनिसाला पुरते वेतन द्यायचे म्हटले तर उस्तादाचे साडेबारा हजार आणखी आटतात. म्हणजेच अडीचशेचा दर न्याय्य नाही, तो अपुरा आहे, हे त्या मुलाच्या वेतनावरून सिद्ध होते.

येथे एक आक्षेप येईल. गाडीवाला म्हणजे श्रीमंत हे समीकरण आता राहिलेले नाही. कर्जावर रिक्षा घेतलेला तरुण, एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या रातोरात वाशीच्या बाजारात पोचविणारा टेम्पोवाला, मिरकरवाड्याहून मासळी नेणारा पिकअपवाला हेही मेकॅनिकचे गिऱ्हाईकच आहेत. मजुरी वाढली तर बोजा त्यांच्यावर पडेल. आक्षेप रास्त आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले आणि दारातली वाहने चिखलाने भरली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च कसा पोटावर येतो हे असंख्य सामान्य कुटुंबांनी अनुभवले.

या आक्षेपाचे उत्तर डॉ. राममनोहर लोहिया यांच्या ‘दाम बांधो’ या भूमिकेत सापडते. कारखान्यातील मालाची विक्री किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असे लोहियांचे म्हणणे होते. हाच दंडक दुरुस्तीच्या बिलाला लावून पाहावा. बिलाचे दोन भाग असतात: वस्तू आणि श्रम. ग्राहकाची लूट होते ती मुख्यतः पहिल्या भागात, कारण तेथे मक्तेदारी आहे; आणि बचत करू पाहतो ती तो दुसऱ्या भागात, कारण तेथे समोर दुबळा माणूस आहे. सुट्या भागांच्या किमतीला वरून बांध घातला आणि मजुरीला खालून आधार दिला, तर एकूण बिल न फुगताही श्रमाला न्याय देता येईल. टेम्पोवाला आणि मेकॅनिक हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. त्यांना एकमेकांशी झुंजवून लाभ घेणारा तिसराच आहे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, तालुक्यातालुक्यात मेकॅनिकांनी संघटित होऊन नेहमीच्या कामांचे दरपत्रक ठरवावे आणि ते शेडच्या दर्शनी भागी लावावे. हे दर ठरविताना रिक्षा व टेम्पोचालकांच्या संघटनांनाही सोबत घ्यावे. त्यात दोष शोधण्याची मजुरी स्वतंत्र दाखवावी. भागांची किंमत आणि मजुरी निरनिराळी लिहिलेली साधी पावती द्यावी आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. जो मेकॅनिक उघड दर मागतो, त्याने व्यवहारही उघड ठेवला पाहिजे. सर्व्हिस सेंटरमधील कामगारांनी आपल्या वेतनाच्या वाटाघाटीत ‘आमच्या श्रमाचा तास केवढ्याला विकता?’ हा प्रश्न बिल पुढे ठेवून विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट, जे साधन एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी मिळून घ्यावे. स्कॅनर, गाडी उचलण्याचा लिफ्ट, चाकांचे संतुलन पाहणारे यंत्र यांसाठी मेकॅनिकांची सहकारी संस्था उभी करणे अशक्य नाही. सहकाराचा बडेजाव मिरविणाऱ्या महाराष्ट्रात सहकार उसापाशी आणि दुधापाशीच का थांबावा? शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. शेडमध्ये शिकलेल्या जुन्या हातांसाठी तेथे सायंकाळचे वर्ग आणि कौशल्याचे प्रमाणपत्र मिळावे, ही मागणी पक्षाने जिल्हा प्रशासनाकडे लावून धरावी.

तिसरी गोष्ट सामाजिक सुरक्षिततेची. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाड्याला मालक कोण, हे सांगता येत नव्हते. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ उभारले, मजुरीवर अधिभार घेतला आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ दिले. त्यामागे हमालांची संघटना होती, लढे होते. एस.टी.च्या कार्यशाळेतील मेकॅनिकला कमी का होईना, पण ठरलेले वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तीचे वय आहे. तोच पाना हाती धरणाऱ्या शेडमधील माणसाला यांपैकी काहीच नाही. जॅक निसटून पाय गेला तर दुसऱ्या दिवशी चूल थंड. सुट्या भागांच्या विक्रीवर अल्पसा अधिभार बसवून मेकॅनिकांचे कल्याण मंडळ स्थापावे, ही मागणी विधिमंडळात नेण्याजोगी आहे.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. कार्यकर्त्याच्या हाती आजही काही आहे. पक्षाच्या दौऱ्यात गाडी बंद पडते, तेव्हा घासाघीस करणारे पुष्कळदा आपलेच लोक असतात. सभेत श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलून परतताना पाली-लांज्याच्या रस्त्यावर मेकॅनिकचे पन्नास रुपये कापणारा माणूस स्वतःच्या भाषणाला स्वतःच खोडून काढीत असतो. त्याने दर विचारावा, पावती मागावी, जुना भाग तपासावा, काम नीट झाले नसेल तर परखडपणे सांगावे. हा त्याचा अधिकारच आहे. परंतु ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी. आणि गाडीखाली सरपटत गेलेला मुलगा बाहेर आला, की त्याला महिन्याला काय मिळते आणि त्याचे वय काय, हेही विचारावे. रत्नागिरीत या धंद्यातील संघटनेची सुरुवात त्या दोन प्रश्नांपासून करता येईल.